बदकांचं वऱ्हाड

वैशालीच्या सासऱ्यांनी बांधलेली वस्तू आजवर कधी पडलेली नाही, आणि पुढेही पडणार नाही. अमेरिकेतल्या फ्रीमाँटमधल्या आमच्या अख्ख्या गल्लीच्या वतीनं मी हे लिहून द्यायला तयार आहे. वैशाली माझी शेजारीण. तिच्या सासऱ्यांनी नागपुरात चाळीस वर्षं मांडव घातले. लग्नाचे, सभांचे, एकदा तर सर्कशीचा तंबू फाटला तेव्हा तोही सावरला. त्यामुळे मुलाकडे सहा महिन्यांसाठी आले ते खिशात सुतळीची गुंडी घेऊनच. सुटी वस्तू दिसली की त्यांना चैन पडायचं नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कचऱ्याचा डबा वाऱ्यानं लवंडतो म्हणून कुंपणाला बांधला. मंगळवारी कचऱ्याच्या ट्रकच्या यांत्रिक हातानं डबा उचलला, तर सोबत कुंपणाची एक फळीही वर गेली. वैशाली कपाळाला हात लावून उभी. तिचे सासरे, म्हणजे आमचे काका, मात्र मान उंच करून खुशीत. "फळी गेली बाप्पा, पण गाठ पाहा. हाये ना जाग्यावर?" आमची बार्बेक्यूची शेगडीही त्यांनी ताडपत्रीत गुंडाळून अशी बांधली, की ती चोराला तर सोडाच, आम्हालाही उघडता येईना. मग गाठ कशी सोडायची ते त्यांनी मला शिकवलं. मांडवाची गाठ वाऱ्याला सुटता कामा नये आणि आपल्याला एका ओढीत सुटली पाहिजे, हे त्यांचं तत्त्व होतं.

पण गल्लीत बांधण्यासारखं किती असणार? तिसऱ्या आठवड्यात सगळं बांधून झालं आणि काका रिकामे झाले. वैशाली मला म्हणाली, "परतीचं तिकीट अलीकडे घ्या म्हणतात गं. इथे मी कशाच्या कामाचा, हेच दिवसभर. सासूबाई गेल्यापासून नागपूरचं घर रिकामं आहे. थंडीभर तरी राहायला हवेत." मी उपाय सुचवणारी बाई आहे, पण यावर मलाही काही सुचेना.

उपाय समोरच्या घरात होता. तिथले डेव्ह शाळेच्या बसगाड्यांचे मेकॅनिक होते, आता निवृत्त. हिवाळ्यात शनिवारी ते रानबदकांच्या शिकारीला जातात. शेतात प्लास्टिकचे नकली पक्षी मांडायचे, ते पाहून खरे उतरतात. त्या नकली पक्ष्यांना डिकॉय म्हणतात. एका सकाळी डेव्ह दारात बसून डिकॉय जमिनीत रोवायचे वाकलेले खिळे ठोकून सरळ करत होते. काका थबकले.

"काहून वाकले हे?"

मी दुभाष्याचं काम केलं. मोकळ्या शेतात वारा फार, डिकॉय उताणे पडतात, आणि एक जरी पडलेला दिसला तरी वरचे पक्षी बिचकून निघून जातात. डेव्हचे दोन मित्र त्यांच्या शेताला दवाखाना म्हणत, कारण तिथली सगळी बदकं आडवी.

काका कितीतरी दिवसांनी हसले. "सांगा या डेव्हरावांना, मांडतो मी. एक जरी बदक पडलं, तर पुढच्या विमानानं नागपूर."

वैशालीला मी हे सांगितलं तेव्हा तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू पैज मीच लावली होती.

शनिवारी पहाटे डेव्हचा पिकअप डिकॉयनी भरलेला, म्हणून काकांना घेऊन मी माझ्या गाडीनं मागोमाग. दोन तासांवर, मका कापून झालेलं शेत. काकांनी आठवडाभर लोखंडी सळईचे खुंट कापून तयार केले होते. प्रत्येक खुंट तिरपा ठोकायचा, त्याचं डोकं ओढीच्या उलट दिशेला. त्याला दोरी, दोरीला पक्षी, आणि वर एक लाथ मारून खात्री. मी विचारलं, "काका, तुम्हाला हे शिकारीचं चालतं का?" ते म्हणाले, "मी मांडव घालणारा, ताई. लग्न कोणाचं, टिकते का नाही, हे आपण पाहत नाही."

तासाभरात साठ बदकं उभी. डेव्ह आले आणि डोकं खाजवायला लागले. काकांनी सवयीनं पंगत मांडली होती! सहा रांगा, सुतासारख्या सरळ, दोन पक्ष्यांमध्ये वाढप्याला जायला जागा. बदकं अशी बसत नाहीत, डेव्ह चाचरत म्हणाले. ती कुटुंबाकुटुंबानं विखुरतात, तोंडं साधारण वाऱ्याकडे, आणि मधे उतरणाऱ्यांसाठी मोकळी जागा. मी भाषांतर केलं. काकांचा चेहरा पडला, आणि दुसऱ्याच क्षणी उजळला.

"असं सांगा ना! पंगत नाही, वऱ्हाड उतरलं म्हणा! मामा-मावश्या इकडे, आत्या रुसून तिकडे, मधात जागा येणाऱ्याले!"

साठ गाठी साठ ओढींत सुटल्या. उजाडेपर्यंत वऱ्हाड मांडून झालं. रुसलेली आत्या तर मला लांबूनही ओळखू आली.

मग वारा सुटला. डेव्हच्या मित्रांच्या टोप्या उडाल्या. आम्ही कडेच्या गवतात दबून बसलो होतो. सगळी बदकं थरथरली, आणि टोकाची आत्या एका अंगावर कलली. आणखी कलली. काकांनी माझं मनगट धरलं. मी वैशालीला काय सांगायचं ते मनात जुळवायलाही लागले. तेवढ्यात आत्या डुलत परत उभी राहिली.

"थोडं ढिलं सोडलंय," काका कुजबुजले. "ताठ बांधलं का उपटून येते."

आणि वरून आवाज आला. एक थवा वळला, गोल फिरला आणि पंख पसरून बरोबर मधल्या जागेत उतरायला लागला. बंदुका वाजल्या. काकांनी तिकडे पाहिलंही नाही. ते खुंट मोजत होते. "अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ. सगळे उभे!" डेव्हनी आपली टोपी काढून काकांच्या डोक्यावर घातली. मित्र टाळ्या वाजवत होते. दवाखाना बंद झाला होता.

काका पुढे हंगामभर दर शनिवारी गेले. "डेव्हरावांचं माझ्यावाचून अडते," असं वैशालीला ऐकवून. मुदत संपल्यावर टोपी घालूनच विमानात बसले. फोनवर अजून विचारतात, आत्या उभी आहे ना?

आता उन्हाळा आहे. शेगडी काढायची, तर त्यांची गाठ सोडावी लागेल. एका ओढीचं काम. मी भावुक बाई नाही. पण या आठवड्यातही आम्ही बाहेरूनच जेवण मागवलं.