नजर बदलण्याची घंटा

औषधांच्या बाटल्या घडवणाऱ्या एका कारखान्यात तपासणीची एक लांबट खोली आहे. खिडक्यांवर जाड काळे पडदे, मध्यभागी सरकता पट्टा, आणि पट्ट्यामागे आतून उजळलेला दुधी काचेचा फलक. भट्टीवर घडून, सावकाश निवून आलेल्या बाटल्या त्या प्रकाशासमोरून एकामागून एक जातात. समोर बसलेली बाई त्यांतला बुडबुडा, केसासारखी चीर, किंचित कललेले तोंड निमिषार्धात हेरते आणि सदोष बाटली उचलून बाजूच्या पेटीत टाकते; निर्दोष बाटल्या पुढे ट्रेमध्ये जमतात. या खोलीची प्रमुख म्हणजे माझी धाकटी बहीण. कारखाना तिला ताई म्हणतो. घरात ती पन्नाशी उलटली तरी धाकटीच आहे.

या खोलीला एक नेम आहे. दर अर्ध्या तासाने घंटा होते आणि फलकासमोरची बाई हातातले काम तसेच ठेवून उठते. दुसरी बसते, आणि बसताच पहिलीने निर्दोष ठरवलेला शेवटचा ट्रे पुन्हा एकदा डोळ्यांखालून घालते. त्यात खोट सापडली तर पहिलीने रागवायचे नाही आणि दुसरीने मिरवायचे नाही. या नेमामागचे कारण धाकटीने मला एकदा सांगितले होते. एकच चीर वारंवार पाहिली की डोळा तिच्याशी समेट करतो. ती बाटलीचेच अंग आहे असे त्याला वाटू लागते. मग दोष समोर असून दिसत नाही. दोरीच्या ठायी सर्प पाहणारा अंधारात तरी असतो. येथे तर लख्ख उजेडात हा भ्रम होतो, आणि तोही अनुभवी डोळ्याला. खोलीची प्रमुख झाल्यावरही धाकटीने स्वतःला या घंटेतून सूट दिली नाही, याचे मला फार कौतुक वाटत आले आहे. परंतु हा नेम तिने काचेपुरता ठेवला नाही, याचा मला जो अभिमान आहे, त्यासाठी हे लिहितो आहे.

भट्टीवर तीन पाळ्या चालतात आणि प्रत्येक पाळीला एक मुकादम असतो. तिन्ही पाळ्यांवर मिळून एक भट्टीप्रमुख नेमायचे कारखान्याच्या साहेबांनी ठरवले. नावे दोन पुढे आली. सकाळच्या पाळीचा मुकादम अत्यंत मितभाषी. त्याला सगळे मौनी म्हणत. दुपारच्या पाळीचा मुकादम इतका बोलका, की कारखान्याने त्याचे नावच भोंगा ठेवले होते. तो फाटकातून आत शिरला की कोणाच्या मुलीला परीक्षेत किती गुण मिळाले, कोणाच्या सासूबाई पडल्या, कोणत्या झडपेतून वाफ गळते आहे, हे सारे सर्वांना कळे. यापूर्वी दोन बढत्या त्याच्या हातून निसटल्या होत्या. 'हा बोलतो फार' एवढेच कारण दोन्ही वेळा पुरले होते.

प्रत्येक पाळीचा माल धाकटीच्या नजरेखालून जाई, म्हणून साहेबांनी निर्णय तिच्यावर सोपवला होता. आणि माल तर स्पष्ट बोलत होता. मौनीच्या पाळीच्या बाटल्या निर्मळ; भोंग्याच्या पाळीत चिरा गेलेल्या बाटल्यांनी पेटी भरून जाई. धाकटीने मन पक्के केले. इतके पक्के, की सभेच्या दोन दिवस आधी जिन्यात मौनी भेटला तेव्हा ती त्याला म्हणून गेली, "काळजी करू नका. हे तुमचंच आहे. शब्द देते." मौनीने मान हलवली. त्याच्या मानाने ते भाषणच होते.

त्या संध्याकाळी मी तिच्याकडे जेवायला होतो. माझे मेहुणे घड्याळे दुरुस्त करतात. डोळ्याला भिंग लावूनच ते संसाराकडेही पाहतात. धाकटीने हकीकत सांगितली, तसे ते हसले.

"म्हणजे न बोलणारीनं न बोलणारा निवडला. रत्नपारखीच म्हणायची."

"माल बघून निवडलाय," धाकटी म्हणाली.

"असेल. पण त्या भोंग्याचं नाव काढलं की तुझं नाक आधी मुरडतं, माल मग आठवतो. दादा, तुम्ही सांगा, खोटं बोलतोय का मी?"

"मला दोघांच्या भांडणात ओढू नका," मी म्हणालो. "मी भाजी घेतोय."

"बघितलंस? दादाही तुझ्या बाजूनं बोलत नाही."

"दादा कोणाच्याच बाजूनं बोलत नाही. तो भाजीच्या बाजूनं असतो," धाकटी म्हणाली आणि आम्ही तिघेही हसलो. परंतु ताटे उचलताना ती गप्प होती. तिचे गप्प राहणे दोन प्रकारचे असते. एकात ती विसावते, दुसऱ्यात ती चाळते, पाखडते. हे दुसरे होते. निघताना दारात तिने मला विचारले, "दादा, या माणसाकडे मी किती वर्षं एकाच जागेवरून बघतेय?"

उत्तर तिला नको होते. ते तिच्याजवळच होते.

दुसऱ्या दिवशी तिने बांधणी विभागाच्या, म्हणजे तपासलेला माल खोक्यांत भरणाऱ्या विभागाच्या, प्रमुख बाईला बोलावून घेतले. या बाईंची जीभ अशी, की त्यांना मिरची म्हणत आणि त्यांनाही ते आवडे. धाकटीने त्यांना आपल्या खुर्चीत बसवले आणि म्हणाली, "मी या दोघांकडे फार दिवस बघतेय. आता तू बघ. घंटा झाली समज."

"मी खरं ते सांगेन हं. मग म्हणू नका, मिरची झोंबली."

"म्हणून तर तुला बोलावलं."

मिरचीने पाय हलवत थोडा विचार केला. "भोंग्याच्या पाळीत माल खराब येतो, बरोबर. पण कधी येतो? पाळी बदलली की लगेच. पेटी भरते ती तेव्हाच. मग दिवे लागेपर्यंत एक चीर दिसत नाही. अहो ताई, हात वाईट असता तर दिवसभर वाईट असता ना? आंघोळ करून सुधारतो की काय तो?"

धाकटीने हे सगळे पाहिले होते. प्रत्येक ट्रे तिच्याच समोरून गेला होता. आणि तरीही ते तिला दिसले नव्हते.

दुपारी पाळी बदलण्याच्या सुमारास ती भट्टीजवळ जाऊन उभी राहिली. मौनीचा एक साचा तापून काच धरू लागला होता. तो बारीक लक्ष ठेवून दर थोड्या वेळाने त्या एकाच साच्याला तेलाचा हात फिरवत होता, आणि बाटल्या निर्दोष उतरत होत्या. त्याच्या कौशल्याला तोड नव्हती. पाळी संपली. त्याने हातमोजे खुंटीला अडकवले. भोंग्याने विचारले, "काय खबर?" मौनी म्हणाला, "ठीक आहे," आणि चालू लागला. साच्याचा आजार तो सोबत घरी घेऊन गेला.

मग भोंग्याचे सुरू झाले. "अहो, हा कितवा साचा कुरकुरतोय? अरे, इकडे कान द्या रे कोणीतरी. काल तिसरा होता, आज पाचवा, नवस बोललेत की काय?" बडबड करीत तो एकेका साच्यापाशी थांबत होता, प्रत्येकाला विचारत होता, आणि बिघडलेला साचा सापडेपर्यंत चिरलेल्या बाटल्या पट्ट्यावरून धाकटीच्या खोलीकडे निघाल्या होत्या. पुढे त्याची पाळी संपताना धाकटी पुन्हा तेथे आली. रात्रपाळीच्या मुकादमाला भोंग्याने निम्म्या वाटेवरच गाठले आणि साच्यापासून स्वतःच्या पाठदुखीपर्यंत सारे ऐकवले. जी वाचाळता दोनदा नापास ठरली होती, तिच्यामुळेच पुढची पाळी बिनचूक चालत होती.

सभेत धाकटीने भोंग्याचे नाव सुचवले आणि पाहिलेले सर्व सांगितले. साहेब चकित झाले. "ताई, कालपर्यंत तुम्ही मौनीचं नाव घेत होता."

"कालपर्यंत बघणारी मी एकटी होते, साहेब. आज नजर बदलून पाहिलं. आपल्या खोलीचा नेमच आहे तो."

"लोक म्हणतील, ताईंचा निर्णय डळमळतो."

"म्हणू देत. चिरलेली बाटली पेटीबाहेर ठेवून माझा हात स्थिर आहे म्हणण्यात काय अर्थ?"

निर्णय झाला. पण दिलेला शब्द शिल्लक होता, आणि तो मोडल्याचे मौनीला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून ती स्वतः त्याच्याकडे गेली. हा प्रसंग तिने मला एकदाच सांगितला, आणि सांगताना आपली बाजू कोठेही सावरली नाही.

मौनी ऐकून म्हणाला, "शब्द दिला होता तुम्ही."

"दिला होता. मोडतेय. घाईनं दिला ही चूक माझी. तुमची नाही."

"माझ्या पाळीत एक तरी बाटली खराब गेली?"

"नाही. तुमच्या पाळीनंतर गेल्या." मग तिने त्याला साच्याची गोष्ट सांगितली. "तुमच्यासारखा हात या कारखान्यात नाही. पण प्रमुखाला आपल्या हातातलं दुसऱ्याच्या हातात द्यावं लागतं."

तो पाठ फिरवून चालू लागला. मात्र या वेळच्या मौनात राग होता, आणि तो रास्त आहे हे तिने जाणले.

पुढे कित्येक दिवस मौनीने तिच्याकडे पाहिले नाही. धाकटीने त्याला समजावण्याचा खटाटोप केला नाही. दुखावलेल्या माणसाला दुखावलेले राहण्याचाही अधिकार असतो. भोंग्याने मात्र प्रमुख होताच पहिला नेम घातला: पाळी बदलताना दोन्ही मुकादमांनी भट्टीभोवती एक फेरी जोडीने मारायची. "मौनीबुवा, तुम्ही बोलू नका, नुसतं बोट दाखवा. बोलायचं काम माझ्याकडे सरकारजमा आहे," असे म्हणून तो स्वतः त्यांच्यासोबत फिरू लागला. मौनी प्रथम बोट दाखवी. मग एखादा शब्द. दुपारची पेटी रिकामी राहू लागली.

एके दिवशी एक बाई आली नव्हती, म्हणून धाकटी स्वतः फलकासमोर बसली होती. घंटा झाली ती पट्ट्याच्या खडखडाटात तिला ऐकू आली नाही. बाटल्या सरकत होत्या, ती पाहतच होती. नव्या साच्याचा पहिला नमुना घेऊन मौनी दारात उभा होता. तो आत आला, तिच्या खुर्चीमागे थांबला.

"ताई, उठा आता," तो म्हणाला. "घंटा झाली."

ती उठली. दुसरी बाई बसेपर्यंत त्याने तिने पार केलेला शेवटचा ट्रे प्रकाशाकडे धरला, एकेक बाटली निरखली, त्यातली एक काढून न बोलता तिच्या हातात ठेवली. गळ्याशी केसाएवढी चीर होती.

धाकटीने ती बाटली पेटीत टाकली. नेमाप्रमाणे ती रागावली नाही, आणि त्यानेही मिरवले नाही. हे सांगताना तिचा चेहरा जसा उजळला होता, तसा मी तो तिच्या कोणत्याही बढतीच्या दिवशी पाहिलेला नाही.