टिप आणि आईचा डबा

जपानात राहायला लागलं की खिशात सुटी नाणी साठत जातात, तसे आमच्याकडे किस्से साठलेत. सगळे एकाच जागचे. हिगाशी-कसाई नावाच्या वस्तीत नदीकडे तोंड करून एक छोटं पोकरचं दुकान आहे. इथे पैसे लावत नाहीत. जिंकलं की एक कप आणि टाळ्या. रविवारी दुपारी काचेतून ऊन टेबलावर उतरतं, डीलर आओई-सान पत्ते वाटत असते आणि आपण जागे आहोत की झोपेत, असं मला वाटत राहतं.

*

आमचा मित्र मक्या पहिल्यांदा टूर्नामेंट जिंकला. 'जिंकणाऱ्याने डीलरला टिप द्यायचीच असते' हे त्याने कुठल्यातरी व्हिडिओत पाहिलेलं. ग्लासाखाली नोट ठेवून साहेब ऐटीत निघाले. आम्ही स्टेशनवर पोचतो तर मागून आओई-सान धापा टाकत हजर! दोन्ही हातांत नोट.

"मकरंद-सान, हे विसरलात!"

"अहो, ते तुम्हालाच आहे!"

ती वाकली, मक्या वाकला, ती पुन्हा वाकली. तेवढ्यात आमची ट्रेन निघून गेली आणि नोट मक्याच्या खिशात परत!

*

मग कोणीतरी सांगितलं, इथे उघडी नोट देत नाहीत, पाकिटात घालून देतात. मक्याने कोपऱ्यावरच्या कोंबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, सगळ्यात देखणं पाकीट आणलं. पांढरंशुभ्र, वर काळी-चंदेरी गाठ. पुढच्या विजयानंतर ते पुढे केलं, तर अख्खा स्टाफ माना खाली घालून उभा! ते पाकीट मयताच्या घरी न्यायचं होतं.

"कोण गेलं?" आओई-सानने हळूच विचारलं.

मक्या म्हणाला, "माझी अब्रू!"

*

पोकरमध्ये टेबलावर टकटक केलं की अर्थ होतो, 'मी काही लावत नाही, पुढे चालू द्या.' मक्या लहानपणी तबला शिकलेला. एकदा हातात एक्के आले आणि आनंदाच्या भरात त्याच्या बोटांनी टेबलावर तीनताल धरला. आओई-सानने शांतपणे डाव पुढे नेला! हा किस्सा माझ्या बायकोला, वैशालीला, भलताच आवडला. तेव्हापासून मी आणखी भाजी वाढायला गेलो की ती टेबलावर टकटक करते.

*

मग एकदा चक्क मी जिंकलो. पैसे घेत नाहीत ना, म्हणून वैशालीच्या डब्यातून बेसनाचे लाडू नेले. घेतले! पुढच्या रविवारी डबा तांदळाच्या कुरकुरीत बिस्किटांनी भरून परत.

"डबा रिकामा द्यायचा नसतो, हे हिला कोणी शिकवलं?" वैशाली खूश. पण मग आपण तरी रिकामा कसा द्यायचा? शंकरपाळी गेली. तिकडून मोची, म्हणजे तांदळाची मऊ मिठाई, आली. चिवडा गेला. टिप कोण कोणाला देतंय तेच कळेना!

वैशालीचा जीव मात्र खालीवर व्हायला लागला. तो स्टीलचा डबा तिच्या आईने लग्नात दिलेला. झाकणावर कोरलंय, 'चि. वैशाली, आईकडून'. आई आता नाही. "लाडू काय, पुन्हा होतील. माझा डबा हरवू नकोस," ती दरवेळी बजावायची. आओई-सानने एकदा त्या अक्षरांचा अर्थ विचारला, मी सांगितला. तेव्हापासून ती डबा छातीशी धरूनच आणायची.

*

गेल्या महिन्यात आओई-सान कायमची साप्पोरोला निघाली. शेवटच्या रविवारी वैशाली स्वतः आली. "आज डबा घरी न्यायचाच."

आओई-सानने डबा टेबलावर ठेवला. वैशालीने उघडला. रिकामा, घासूनपुसून लख्ख.

"सामान सगळं बांधलंय. भरायला घरात काहीच उरलं नाही. माफ करा," आओई-सान म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

ऊन डब्यावर आलं होतं. वैशालीने नावावरून एकदा बोट फिरवलं, झाकण लावलं, डबा आओई-सानकडे सरकवला आणि टेबलावर टकटक केलं.