भागीरथीमावशीचा स्कॅनर

वैशाखरे गावात, माळशेजच्या रस्त्याकडेला ताडपत्री बांधून भागीरथीमावशी कंटोळी विकते. पहाटे रानात शिरायचं, काट्यांत हात घालायचे आणि नऊपर्यंत वाटे लावून बसायचं. नवरा गेला, शेत दिरांकडे राहिलं; पावसाळ्याच्या तीन महिन्यांवर तिचं वर्ष निघतं. घासाघीस करणाऱ्याला ती असं काही सुनावते की तो मुकाट्याने एक वाटा जास्तच घेऊन जातो.

मी बँकेतर्फे गावोगाव फिरून बायकांना फसवणुकीपासून सावध करते. बोलायला लागले की थांबत नाही, हा माझा जुना रोग. मावशीला मोबाइलवरून पैसे घ्यायचा स्कॅनर, तो क्यूआरचा कागद, मीच आणून दिला होता.

श्रावणात भेटले तर ती माझ्यावरच उखडली. "काय गो, तुझ्या बँकेला काय झालंय? गिऱ्हाईक पैसं टाकतंय, बुकात काय येत नाय!"

मी स्कॅन करून पाहिलं. नाव दुसऱ्याच कुणाचं. नखाने कागदाचा कोपरा उचलला तर खाली मी दिलेला कागद, वर दुसरा चिकटवलेला. माझं डोकं सणकलं. आणि खरं सांगते, थोडा आनंदही झाला. ज्याच्यावर मी इतकी भाषणं ठोकली तो चोर पहिल्यांदाच हाती लागत होता.

"मावशी, पैसे दुसऱ्याच्या खात्यात जातायत! गिऱ्हाइकाला आधी नाव वाचायला लावायचं, किती वेळा सांगितलं? चला, आत्ताच्या आत्ता मुरबाडला पोलिसांत तक्रार देऊ."

"नाव काय हाय?"

मी वाचलं. दिपेश, पुढे आडनाव.

मावशी खाली बसली. "जावय हाय माझा. मनालीचा नवरा. आखाडात आलता. म्हनला, कागद भिजलाय, नवा लावतो. मी त्याला कोंबडा कापून वाढला."

"मग तर मुळीच सोडायचं नाही!" मी कागद ओढायला गेले. तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"नको गो. इचारलं तर पोरीला दारात आनून टाकंल. एकदा टाकलीच होती. सहा महिने होती घरी."

मला जावयाचा राग आला, तिचा आला, स्वतःचा तर फारच आला. अनोळखी माणसावर विश्वास ठेवू नका, एवढंच मी सगळीकडे सांगत फिरले होते.

तेवढ्यात एक गाडी थांबली. शहरातली मुलगी उतरली, तिने चार वाटे उचलले आणि फोन काढला.

"रोख दे ना गो," मावशी घाईने म्हणाली. "मूठभर जास्त घालते."

"रोख नाहीये, मावशी." मुलीने स्कॅन केलं आणि शहाण्यासारखी थांबली. "दिपेश नाव येतंय. बरोबर आहे ना?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं नाही. कागदाचा सुटलेला कोपरा तिने अंगठ्याने दाबून बसवला.

"बरोबर हाय," ती म्हणाली. "टाक."