वहिनींचा खरा आवाज

कुठून सुरू करू, तेच कळत नाही. बायकोला ठाऊक नाही. रविवारच्या मंडळींना तर नाहीच नाही. जिभेवर आलं की मी विषय बदलतो — क्रिकेट काढतो, उन्हाळा काढतो, काहीही. आज बदलणार नाही. म्हणजे — बघू.

अकोल्याला जठारपेठेत माझं पंखे-मिक्सरचं दुकान आहे. पण ते पोटासाठी. खरा जीव अॅम्प्लिफायरमध्ये. डबा तो डबा, त्यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. माझी बायको हेच म्हणते, आणि वर म्हणते की पुसावे मलाच लागतात! पण आमच्यासारखे खुळे गावोगावी आहेत. रविवारी कुणाच्या तरी घरी बैठक बसते. दोन अॅम्प्लिफायर, स्पीकर तेच, गाणं तेच. दोन्ही डब्यांवर चादर टाकायची, एकाने बटण दाबायचं, दुसऱ्याने पाठ करून बसायचं आणि सांगायचं — पहिला कसा, दुसरा कसा. पाठ करून बसणारा बहुतेक वेळा मीच. मंडळी मला कानसेन म्हणतात. ‘हा कोरडा आहे, यात रस नाही.’ ‘तो गोड आहे, पण तबल्याचा डग्गा लोळतो.’ मी बोललो की माना डोलायच्या. त्या डोलणाऱ्या मानांची चटक लागते हो. चहासारखी लागते.

कधी फरक कळायचा, कधी नाही. नाही कळला तरी मी सांगायचो. हे एवढं आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. नाही जाणार, पण तरी.

अमरावतीचे मधुभाऊ. शाळेतून निवृत्त झालेले, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, पण दोस्तच. त्यांच्या पत्नी, सुमनवहिनी, गायच्या. कार्यक्रम-बिर्यक्रम नाही — घरातच, भाजी निवडता निवडता. पण काय गळा! थोडा घोगरा, आणि ओळ संपताना एक हलकासा श्वास सोडायच्या. मधुभाऊंनी त्यांचं गाणं एकदाच कॅसेटवर धरून ठेवलं होतं. वहिनी गेल्यावर रोज दुपारी जेवण झालं की ते ती कॅसेट लावत. जुन्या, जाड अॅम्प्लिफायरवर. वहिनींच्या हयातीत घरात आलेला होता तो.

मग पुण्याच्या मुलाने नवा, चकचकीत अॅम्प्लिफायर पाठवला. हॉल लहान, दोन ठेवायला जागा नाही. दर्यापूरच्या एका मंडळाची पोरं जुना मागत होती. मधुभाऊंनी मला फोन केला. ‘तू ये बाप्पा. तू तिले समोर बसून ऐकलं हायेस. ज्याच्यात तिचा खरा आवाज येते, तोच ठेवतो.’

किती साधी गोष्ट मागितली त्यांनी! आणि किती मोठी. हे मला तेव्हा कळत नव्हतं का? कळत होतं. म्हणून तर बसमध्ये मांडीवर माझा स्वतः बनवलेला खटक्याचा डबा घेऊन मी ऐटीत बसलो होतो. एका बाजूला दोन्ही अॅम्प्लिफायरच्या वायरी जोडायच्या, दुसऱ्या बाजूला स्पीकर. खटका इकडे केला की हा वाजतो, तिकडे केला की तो.

सगळं जोडलं. मोठा वाजणारा नेहमी बरा वाटतो, म्हणून आधी दोघांचा आवाज सारखा करावा लागतो. त्यात माझा नेहमी अर्धा तास जातो. त्या दिवशी पहिल्याच खेपेला दोन्ही तंतोतंत जुळले. मला वाटलं, वा रे पठ्ठ्या! हात बसला आपला. शंका यायला हवी होती. मला अभिमान वाटला.

पाठ करून बसलो. मधुभाऊंनी खटका दाबला. वहिनी गायल्या. पुन्हा खटका, पुन्हा तीच ओळ. आणि मला — काहीच फरक कळला नाही. कणभर नाही. चारदा फिरवायला लावलं. मधुभाऊ मागे श्वास रोखून उभे होते, ते मला जाणवत होतं. ‘भाऊ, मले नाही कळून राहिलं’ — एवढं म्हणायला काय लागतं? माझ्याने म्हणवलं नाही. कानसेन ना मी!

मी म्हणालो, ‘पहिल्यात वहिनी पडद्यामागून गातात. दुसऱ्यात समोर येऊन बसतात.’

दुसरा नवा निघाला. मधुभाऊंचे डोळे भरून आले. म्हणाले, ‘म्हणजे इतके दिवस मी तिले पडद्यामागूनच ऐकून राहिलो होतो?’ आणि चहा टाकायला आत गेले.

कॅसेट चालूच होती. मी आवरायला घेतलं. खटका जुन्यावर केला आणि जुन्याचं बटण बंद केलं. गाणं थांबायला हवं होतं. थांबलं नाही! वहिनी गातच राहिल्या. मी खटका इकडे केला, तिकडे केला. टक, टक वाजत होतं, पण आतली पट्टी तुटून पडली होती. सगळा वेळ एकटा नवाच वाजला होता. जुना एकदाही वाजला नव्हता.

कळतंय का तुम्हाला? फरक कळला नाही, कारण फरक नव्हताच. माझे कान खरं सांगत होते. खोटं माझं तोंड बोललं होतं. आणि अजून काहीच बिघडलं नव्हतं — आत चहा उकळत होता, जुना डबा तिथेच होता, दोन वायरी थेट जोडून पुन्हा ऐकायला पाच मिनिटं लागली असती. मधुभाऊ हसले असते. ‘काय बे कानसेना!’ एवढंच म्हणाले असते.

मी खटक्याचा डबा पिशवीत घातला. चहा प्यालो. साखर जास्त झाली म्हणून चेष्टाही केली.

मंडळाच्या पोरांनी जुना नेला. गणपतीत त्याला भले थोरले भोंगे जोडले, आणि तो जळाला.

त्यानंतर मधुभाऊंचा फोन आला. आवाज खाली. ‘प्रकाश, साफ येते रे सगळं. पण ते ती नाही वाटत. ओळ संपल्यावर ते जे श्वास सोडे ना, ते मले ऐकू येऊन नाही राहिलं. काहून असंन?’

ही दुसरी संधी. आणि मी काय बोललो? हेच सांगायला इतका वेळ घुटमळतो आहे. मी म्हणालो, ‘भाऊ, वय झालं. आता कान पहिल्यासारखे नाही राहत.’

त्यांनी ऐकलं. माझं ऐकायचेच ते. कान तपासून आले. या वयात व्हायचं तेवढंच ऐकू येणं कमी झालंय, डॉक्टर म्हणाला. पण त्यांनी धरून ठेवलं ते माझं वाक्य. दुपारची कॅसेट आधी एक दिवसाआड झाली, मग बंद. मी अमरावतीला गेलो की स्पीकरवर धूळ दिसायची. मी ती बोटाने पुसायचो आणि मॅचबद्दल बोलायचो.

यंदा दिवाळीनंतर गेलो, तेव्हा त्यांनी कपाटातून कॅसेट काढली. त्यांच्याकडे ती एकच. माझ्या हातात दिली आणि माझी मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटवली.

‘माह्या कानात ते आता येत नाही,’ ते म्हणाले. ‘तुले समोर बसलेली दिसते ना? मग तुयाजवळच राहू दे तिले.’

मी ती घेऊन आलो.