सातच्या फोनवरचं शेत

सकाळी सात वाजता आमच्या शेजारच्या सुमीताई गॅलरीत येऊन शेतावर जायच्या. शेत जावा बेटावरच्या एका उंच डोंगरात आणि गॅलरी डीमन या डच गावातल्या आमच्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावर. एका हातात कॉफीचा मग, दुसऱ्या हातात फोन. फोनमध्ये त्यांचा धाकटा भाऊ मार्नो आणि त्याच्या मागे उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली बटाट्याची आणि कोबीची जमीन. तिथे तेव्हा दुपार झालेली असायची. दुपार कलली की त्या डोंगरावर धुकं उतरतं आणि मग हाताच्या अंतरावरचं दिसत नाही, म्हणून सातची वेळ त्या चुकवत नसत. "वरचा वाफा दाखव. एक रोप उपट," असं त्या सांगायच्या. मार्नो रोप उपटून मुळं कॅमेऱ्यासमोर धरायचा. सुमीताई चष्मा कपाळावर सारून इतक्या जवळून बघायच्या की नाक काचेला लागेल असं वाटायचं. मग म्हणायच्या, "पाणी जास्त झालंय. उद्या देऊ नकोस."

त्यांचं खरं नाव सुमियाती. "आमच्याकडे सुमी असंच नाव असतं," असं मी पहिल्या भेटीत म्हटलं आणि वयाने मोठ्या म्हणून पुढे ताई लावलं. ताई म्हणजे काय ते त्यांना सांगितल्यावर त्या हसल्या आणि मला त्यांच्या भाषेत 'मबाक' म्हणू लागल्या. त्याचा अर्थही ताईच. अशा आम्ही दोघी एकमेकींच्या ताई. बोलायचो डचमध्ये. माझं डच परीक्षेपुरतं आणि त्यांचं पंचवीस वर्षं इथल्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना जेवू घालून, आंघोळ घालून कमावलेलं. त्यांचे डच पती वारले होते, मूलबाळ नव्हतं. माझी मुलगी ईरा त्यांच्याशी माझ्यापेक्षा चांगलं बोलायची. मी मराठीत काही विचारलं की ती मला डचमध्ये उत्तर द्यायची, आणि सुमीताई मध्येच म्हणायच्या, "आईला तिच्या भाषेत सांग."

त्यांचे वडील त्या डोंगरावर दुसऱ्यांच्या शेतात मजुरी करायचे. सुमीताईंनी वृद्धाश्रमाच्या पगारातून त्याच उतारावर एकेक पायरी करत जमीन घेतली. पती गेल्यावर त्यांनी डच पासपोर्ट घेतला आणि मायदेशाचा सोडावा लागला. परदेशी माणसाच्या नावावर तिथे शेतजमीन राहू शकत नाही, म्हणून त्यांनी सगळी जमीन मार्नोच्या नावावर करून टाकली. "कागद त्याचा, जमीन माझी, बटाटे दोघांचे," असं त्या सांगायच्या. निवृत्त झाल्यावर तिथे जायचं, पत्र्याचं छप्पर आणि मोठी चूल असलेलं घर बांधायचं, हे ठरलेलं होतं. कोणताही निर्णय समोर आला की त्यांचं एक वाक्य असे, "धुकं उठू दे, मग बघू." नवा फ्रिज घ्यायचा असो की गुडघ्याचं ऑपरेशन, धुकं आधी उठायला हवं.

मग तो आजार आला. माझं आणि निखिलचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, ऑफिस स्वयंपाकघराच्या टेबलावर आलं. सुमीताईंच्या वृद्धाश्रमातल्या खोल्या एकामागून एक रिकाम्या होऊ लागल्या. संध्याकाळी त्या कामावर जायच्या तेव्हा संचारबंदीसाठीचं पत्र पर्समध्ये असायचं. सकाळी आम्ही गॅलरीच्या दोन टोकांना खुर्च्या टाकून बसायचो. रात्री कोण गेलं ते त्या सांगायच्या. नाव सांगायच्या, आणि त्या माणसाला चहात साखर किती लागायची तेही. मग सात वाजायचे आणि शेत सुरू व्हायचं.

पण शेतावरही काही ठीक नव्हतं. शहरातले बाजार बंद, हॉटेलं बंद, कोबी न्यायला ट्रक येईना. मार्नोने एकदा फोन फिरवून दाखवलं तर वाफ्यावाफ्यात कोबी पिवळे पडून फुटले होते. त्याच दिवसांत शहरातली माणसं गाड्या घेऊन डोंगरावर येऊ लागली. घरात कोंडलेल्या लोकांना थंड हवा आणि मोकळा डोंगर हवा होता. कुणी कॉफीचं दुकान काढणार, कुणी तंबू ठोकणार, कुणी भाड्याने द्यायला लाकडी घरं बांधणार. एक दलाल घरोघर फिरत होता. शेजारच्या दोघांनी जमिनी दिल्याही.

मला हे सगळं ओळखीचं वाटलं, कारण आमच्या टेबलावरही तेव्हा एक माहितीपत्रक पडलेलं होतं. मुळशीकडच्या डोंगरात प्लॉट. पुण्याच्या एजंटने व्हिडिओ कॉलवर जागा दाखवली होती आणि निखिल म्हणत होता की याहून चांगली गुंतवणूक नाही. सुमीताई ईराला केक द्यायला दारात आल्या तेव्हा त्यांनी ते पत्रक उचलून बघितलं. फोटोत उतारावर दगडी बांध घातलेले दिसत होते.

"हे बांध कुणी घातले?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. आधीच्या लोकांनी."

"ते आता कुठे आहेत?"

आम्ही तो प्लॉट घेतला नाही. त्याने तिथलं काही थांबलं असेल असं मी म्हणत नाही. पुढच्याच आठवड्यात तो दुसऱ्या कुणीतरी घेतला.

पण त्यांनी पत्रक बघितलं त्या दिवशी मी एक गोष्ट केली, जी आजही मला सोडत नाही. मी त्यांना म्हटलं, "सुमीताई, मार्नो चांगला आहे, पण उद्या काय होईल सांगता येत नाही. जमीन तुमची आहे असं त्याच्याकडून लिहून घ्या. आमच्याकडे सख्ख्या भावांतसुद्धा कागद करतात."

त्यांनी या वेळी धुकं उठायची वाट बघितली नाही. दुसऱ्या दिवशी सातच्या फोनवर त्यांनी कागद मागितला. मी माझ्या दाराशी होते. भाषा कळत नव्हती, पण आवाज चढले ते कळलं. नंतर त्यांनी सगळं सांगितलं. मार्नो म्हणाला होता, "ताई, दलालाने परवा आपल्या बांधावर मोजणीच्या खुंट्या ठोकल्या. मी त्या उपटल्या. रोज उपटतो. आणि तू मला कागद मागतेस?"

"मी या जमिनीसाठी पंचवीस वर्षं लोकांच्या चादरी धुतल्या," सुमीताई म्हणाल्या.

"तू फोनमध्ये बघतेस. मी इथे उभा असतो. एकदा येऊन उभी राहा."

आणि त्याने फोन ठेवला.

जाणार कशा? परदेशी पासपोर्टवाल्यांना तिथे प्रवेश बंद होता. त्यांनी वकिलातीला फोन केले, ईमेल लिहिले. जिथे जन्म झाला त्या गावाचं नाव अर्जात 'भेट देण्याचं ठिकाण' या रकान्यात लिहिताना मी त्यांच्याजवळ बसले होते. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं की भाऊ असणं हे कारण पुरेसं नाही.

भांडणानंतरचे तीन दिवस त्या सात वाजता गॅलरीत आल्या, पण फोन लावला नाही. "त्याने करावा," म्हणाल्या. चौथ्या दिवशी फोन आला तो यातमीचा, मार्नोच्या बायकोचा. मार्नोला पाच दिवस ताप होता. म्हणजे भांडण झालं तेव्हाही होताच. अंगात ताप असताना तो सकाळ-संध्याकाळ बांधावर जाऊन खुंट्या काढत होता. आता त्याला श्वास घेता येत नव्हता.

त्याच्या दोनच महिने आधी मी पुण्यातल्या माझ्या बाबांसाठी इथून ऑक्सिजन सिलिंडर शोधत होते, तेव्हा सुमीताई माझ्यासाठी चहा करत होत्या. आता मी त्यांच्या स्वयंपाकघरात चहा करत होते आणि त्या नंबर फिरवत होत्या. तालुक्याचं रुग्णालय भरलेलं. पलीकडच्या शहरातलंही. एका दुकानदाराने सिलिंडर कबूल केला आणि तासाभरात दुसऱ्याला दिला. त्या ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. यादीतल्या नंबरावर काट मारायची आणि पुढचा लावायचा. शेवटी एका शाळामास्तरांनी स्वतःच्या वडिलांचा उरलेला सिलिंडर पिकअपमध्ये घालून पाठवला. त्यांचे वडील आदल्या दिवशी गेले होते. पिकअप घाटात होता तेव्हा यातमीचा फोन आला. सुमीताईंनी ऐकून घेतलं आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. मग मला म्हणाल्या, "मबाक, गॅस बंद कर. चहा नको."

दफन त्यांनी फोनवर बघितलं. पांढऱ्या पोशाखातली चार माणसं, प्लॅस्टिक, आणि खूप धुकं. काही दिसत नव्हतं, तरी त्यांनी फोन बंद केला नाही.

आठवड्याने यातमीने एक फोटो पाठवला. मार्नोच्या कपाटात, कपड्यांच्या घडीखाली एक कागद सापडला होता. मुद्रांक लावलेला, गावप्रमुखाची सही आणि शिक्का असलेला. त्यात लिहिलं होतं की ही सर्व जमीन माझी मोठी बहीण सुमियाती हिच्या पैशांची आणि तिचीच आहे, मी फक्त सांभाळतो. भांडणाच्या दुसऱ्या दिवशी, तापात, मार्नो डोंगर उतरून तो कागद करून आला होता. गावप्रमुखाच्या कार्यालयाबाहेर चक्कर येऊन बसला होता, असं यातमीने सांगितलं.

सुमीताईंनी तो फोटो मला दाखवला. मी म्हटलं, "चूक माझी आहे. मी सांगितलं नसतं तर..."

"सांगितलंस तू. मागितला मी," त्या म्हणाल्या. एवढंच. त्यांनी मला कधी बोल लावला नाही, आणि ते मला जास्त जड गेलं.

त्यानंतर यातमीने विचारलं. दलाल रोज येत होता. तिला एकटीला एवढी जमीन कसता येत नव्हती, माल विकला जात नव्हता, पदरात तीन मुलं. "ताई, जमीन तुमची आहे, त्यांनी लिहून ठेवलंय. तुम्ही नको म्हणालात तर मी विकणार नाही," असं ती म्हणाली. ती भांडली असती तर सोपं झालं असतं. सुमीताई दोन दिवस कामावर गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझी बेल वाजवली आणि दीड मीटरचं अंतर विसरून सरळ आत येऊन बसल्या.

"नको म्हटलं तर ती मुलांना घेऊन त्या जमिनीवर मरेल. हो म्हटलं तर मला जायला जागा नाही. तू काय केलं असतंस?"

या वेळी मी सल्ला दिला नाही. मी त्यांचा हात धरून बसले. मग त्यांनी तिथूनच यातमीला फोन लावला आणि सांगितलं, विक. पैसे मुलांसाठी ठेव. मला काही पाठवू नकोस. मार्नोचा कागद चुलीत घाल.

त्या दिवसापासून सात वाजता गॅलरीत कुणी आलं नाही.

सीमा उघडल्यावर त्या गेल्या. पर्यटक म्हणून, ठरावीक दिवसांच्या व्हिसावर. परत येतील की नाही याची मला खात्री नव्हती. पण दिवस संपायच्या आधीच त्या आल्या. मी स्टेशनवर घ्यायला गेले. सामान थोडं होतं, एक पिशवी यातमीने दिलेल्या वाळवलेल्या मिरच्यांची. यातमी आता तालुक्याच्या गावी राहते, मुलं शाळेत जातात, हे त्यांनी चालता चालता सांगितलं. मार्नोच्या कबरीवर गेल्याचंही सांगितलं. घरी येऊन जेवताना मी विचारलं, वर शेतावर गेला होतात का.

"गेले. तिथे फाटक आहे. आत लाकडी घरं आहेत, फुलं लावलीत. फाटकाशी एक मुलगी तिकिटं देते. गावातलीच, चेहऱ्यावरून कुणाची नात ते मी ओळखलं. माझा कोट, माझी बॅग बघून ती माझ्याशी इंग्रजीत बोलली. वेलकम म्हणाली."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"थँक यू म्हटलं. तिकीट घेतलं."

"तुमच्या भाषेत का नाही बोललात, सुमीताई?"

त्यांनी ताटातला भाताचा शेवटचा घास संपवला आणि ताट बाजूला सारलं.

"बोलले असते तर तिने विचारलं असतं, तुम्ही कुणाकडच्या. मग मी काय सांगितलं असतं?"