इराचा घास

माझ्या सहा वर्षांच्या इराला दूध आणि शेंगदाणे सोसत नाहीत. म्हणून काल ही दोन्ही नसलेल्या बिस्किटांचे तीन पुडे आणले आणि चव पाहायला शेजारची मुलंही बोलावली. पुड्यांवरची बारीक अक्षरं मी पुन्हा पुन्हा वाचली होती, तरी जीव थाऱ्यावर नव्हता.

"शी, भुसा खाल्ल्यासारखं लागतंय!" शेजारचा ओम म्हणाला आणि सगळी खिदळली. इराने मात्र घास तोंडात तसाच धरून माझ्याकडे पाहिलं.

"काय गं, घसा खाजतोय?" मी घाबरून विचारलं.

"नाही," ती भरल्या तोंडानेच म्हणाली, "तू हसलीस की मी गिळते."

बाकीची मुलं जिभेने चव घेत होती आणि माझी लेक माझ्या चेहऱ्यावरून. इतके दिवस मी तिला माझी भीतीच भरवत आले की काय?

मी कसंबसं हसले. तिने घास गिळला आणि दुसऱ्या बिस्किटाला हात घातला.