हेलिकॉप्टरवाल्या मॅडमचा डबा

सिन्नर-नाशिक लाईनीला मी जन्मभर काळी-पिवळी चालवली. नजर अधू झाली तशी गाडी पुतण्याला दिली आणि स्टँडवर बसून गाड्यांचे नंबर लावायला लागलो. शिक्षण चौथी. पण स्टँडवर माझ्या शब्दाशिवाय गाडी सुटत नाही.

आमच्या लाईनीची एक रीत आहे. नाशकात शिकणाऱ्या पोरांचे डबे गावाकडून आया पाठवतात, ते ड्रायव्हर फुकट नेतो. कुणाचा, कशाचा, काही विचारायचं नाही. ही रीत मीच सगळ्यांना कडक पाळायला लावली. तीच माझ्यावर उलटेल असं कधी वाटलं नव्हतं.

माझी एकुलती एक लेक पायलट. शिष्यवृत्ती मिळवून शिकली, मोठं विमान चालवायला लागली. वरून विमान गेलं की स्टँडवरचा एक ड्रायव्हर, माझ्याच हाताखाली तयार झालेला, हमखास म्हणायचा, "आप्पा, लेक चालली बघा." मी वर न बघताच म्हणायचो, "चालली."

गेल्या वर्षी तिनं फोनवर काढलं, विमान सोडून हेलिकॉप्टर शिकावं म्हणते. डोंगरातले आजारी लोक उचलून दवाखान्यात आणायचं काम आहे. मी म्हणालो, "एसटी सोडून रिक्षा घेतं का कुणी? विमान सोडलंस तर घराची पायरी चढू नको." ती म्हणाली, "बरं आप्पा." मी समजलो, विषय मिटला.

मग यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला तो रोजचा ड्रायव्हर लग्नाला गेला आणि त्याच्या गाडीवर बदली माणूस आला. हातात पिशवी धरून त्यानं भर स्टँडात विचारलं, "आप्पा, हा हेलिकॉप्टरवाल्या मॅडमचा डबा. कुठं उतरवायचा?"

पिशवी खाकी. माझ्याच जुन्या शर्टाची, बायकोनं शिवलेली. खिसासुद्धा तसाच ठेवलेला.

एकजण उगाच टायरला लाथ मारून हवा बघायला लागला.

"दे इकडं," मी म्हणालो. "मी नेतो."

देवळाली कॅम्पाच्या अलीकडं माळावर कुणीतरी हेलिकॉप्टर शिकवायची शाळा काढली आहे. बदली माणसानं मला फाटकापाशी उतरवलं. आत एक हेलिकॉप्टर जमिनीपासून हातभर वर उचललेलं होतं आणि दारू प्यायल्यासारखं झुलत होतं. पुढं जाई, मागं येई, मधेच शेपूट फिरवी. शेवटी धपकन टेकलं. त्यातून घामाघूम होऊन माझी लेक उतरली.

मला बघून ती थबकली. मग जवळ येऊन म्हणाली, "आप्पा, ऊन लागेल. सावलीत चला."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"आणि हे असं झुलतंय काय?"

ती हसली. "विमान पळत राहिलं की हवा त्याला धरते. हे एका जागी आपण धरायचं. दोन हात, दोन पाय, सगळ्यांना वेगळं काम. मी विमानाच्या सवयीनं हात लावते की हे पळालंच. सर दिवसभर ओरडतात, मॅडम, विमान विसरा!"

"मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं होतं की. तुम्ही म्हणालात पायरी चढू नको. मी चढले का?"

"आणि तुझी आई?"

"ती उतरून येते."

बायको दर आठवड्याला बहिणीकडं म्हणून देवळालीला जायची. मीच तिला गाडीत पुढची सीट द्यायला लावायचो.

"ड्रायव्हर लोकांना मी शपथ घातली होती," लेक म्हणाली. "आप्पांना सांगू नका म्हणून."

म्हणजे तो रोजचा माणूस सकाळी तिचा डबा गाडीत ठेवायचा, आणि वर मला म्हणायचा, आप्पा, लेक चालली बघा. आणि मी म्हणायचो, चालली.

लेक म्हणाली, "पुढच्या आठवड्यात मला एकटीनं उडवायचंय. याल?"

"मला स्टँड हाय," मी म्हणालो. डबा भिंतीवर ठेवला आणि एसटीनं परत आलो. लाईनीच्या गाडीत बसलो नाही.

बायको मेथी निवडत होती. माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "कळलं वाटतं. बरं झालं बाई. खोटं बोलून जीभ दमली माझी."

"मग बोलायचं कशाला?"

"खरं ऐकून घेता का तुम्ही?"

चार दिवस मी घरात बोललो नाही. बोललो नाही हे कुणाच्या ध्यानात आलं का, तेही कळलं नाही.

ठरल्या दिवशी बायको ठेवणीतलं लुगडं नेसून निघाली. ड्रायव्हर लोकांनी दोन गाड्या भरून नेल्या. उरलेल्यांचे मी नंबर लावत राहिलो. दुपारी हसत-खिदळत सगळे परत आले. तो रोजचा ड्रायव्हर पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्या पाया पडला. "आप्पा, काय धरलं पोरीनं! जागचं हलू दिलं नाय."

मी पेढा घेतला नाही. म्हणालो, "तुझा नंबर गेला. गाडी मागं लाव."

त्यानं निमूट मागं नेऊन लावली.

लेकीला मी अजून घरी ये म्हटलेलं नाही. दिलेला शब्द मागं घ्यायला माझी ना नाही. पण मागं घ्या म्हणायला कुणीतरी समोर यायला पाहिजे, आणि माझ्या माणसांचं तर मला न विचारता सगळं छान चाललं आहे.